सतरा सप्टेंबरचा पाना

रस्त्याच्या कडेला कोणाचीही मोटरसायकल उभी दिसली की शेषराव कापगते थांबतात, कमरेत वाकतात आणि मागच्या चाकाच्या नटाला अंगठा लावून पाहतात. मग ती दूधवाल्याची असो, कुरिअरवाल्याची असो की लग्नाला आलेल्या पाहुण्याची. बाजारात दोनदा लोकांनी त्यांना चोर समजून हटकलं. एकदा एका पोरानं कॉलरला हात घातला. शेषराव त्याला म्हणाले, "नट ढीला है बेटा, कस ले." पोरानं वाकून पाहिलं आणि कॉलर सोडली. नट खरंच ढिला होता.

माझ्या स्कूटरच्या नटावर त्यांनी ओढलेली एक पिवळी रेघ आहे. ती नटावर सुरू होते आणि शेजारच्या लोखंडी पट्टीवर संपते. नट केसभर फिरला तरी रेघ मधोमध तुटते आणि चार हातांवरून दिसतं. पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर म्हणून एकोणचाळीस वर्षं त्यांनी अशाच रेघा ओढल्या. नट पूर्ण कसून झाल्याशिवाय रेघ ओढायची नाही, हा त्यांचा नेम. रेघ आहे म्हणजे काम झालं, रेघ नाही म्हणजे काम राहिलं. एका सकाळी एका नटावर रेघ नाही हे त्यांनी पाहिलं आणि तरी ते गप्प राहिले. त्याची ही हकीकत आहे.

राजनांदगावच्या पुढे, हिंदी मुलखातल्या कुरुदमध्ये आमची घरं समोरासमोर. शेषरावांचे वडील साकोलीकडचे. प्लांट उभा राहत होता तेव्हा माती उचलायच्या कामावर आले आणि इथलेच झाले. शेषराव आयटीआय करून एक्क्याऐंशी साली लागले. माणूस अबोल. पण कान असे की माझ्या घरातला पाण्याचा पंप त्यांनी त्यांच्या ओसरीत बसून ओळखला. रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा पंप रडून राहिला. बेअरिंग पाहून घ्या." त्या आठवड्यात बेअरिंग गेलं. त्यांच्या बायकोचं नाव हिरा. ती बोलकी, घाईची, कामाला वाघीण. सकाळची पहिली पोळी ती दारातल्या कुत्र्याला घालायची. भुरा रंग म्हणून त्याचं नाव भुऱ्या. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा पराग. त्याला मी सातवी ते नववी हिंदी शिकवलं. 'मेरा प्रिय त्योहार' असा निबंध दिला की सगळा वर्ग दिवाळी नाहीतर होळी लिहायचा. पराग तिन्ही वर्षं विश्वकर्मा पूजा लिहायचा.

त्याला कारण होतं. सतरा सप्टेंबरला ही पूजा असते आणि शेजारच्या हथखोजचे कारखाने बंद असतात. लेथ, ड्रिल, क्रेन सगळ्यांना झेंडूच्या माळा घालतात. हत्यारं आदल्या संध्याकाळी धुऊन लाल कपड्यावर देवापुढे मांडतात आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवेपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. एरवी तिथं घणाचे आणि ग्राइंडरचे आवाज असतात, त्या दिवशी चिमण्या ऐकू येतात. त्या रिकाम्या रस्त्यांवर, पूजा आटोपून बुंदीचा प्रसाद वाटून झाला की, मोटरसायकलींची रेस होते. परवानगी नाही, बक्षीस नाही. जिंकणाऱ्याच्या हातून नारळ फुटतो, एवढंच.

त्र्याण्णव साली दोन मिस्त्रींचं भांडण झालं, कोणी बांधलेलं इंजिन भारी यावरून. त्यातून ही रेस निघाली. म्हणून तिचा नियम एकच: त्या दिवशी गाडीला पाना लावायचा नाही. काल जे हातानं केलं तेच आज धावणार. अडीच किलोमीटरचा फेरा, असे पाच फेरे. चार वळणं. त्यातलं शेवटचं धरमकाट्याचं. तिथं ट्रकांचं वजन करतात आणि रस्ता एकदम डावीकडे मोडतो. धावणारे कोण, तर वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारे, ठेक्यावरचे मजूर. जुन्या कन्व्हेअर बेल्टचं रबर कापून गुडघ्याला बांधतात. वळणावर वाळूची पोती लावतात. पडणारा बहुतेक पोत्यांच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडतो.

पहिल्या वर्षी शेषराव स्वतः धावले. दुसऱ्याच वळणावर पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. पराग तेव्हा दोन वर्षांचा. हिराताईंनी त्याला आणून नवऱ्यापुढे उभा केला. "ठेवा याच्या डोक्यावर हात. म्हणा, मी रेसच्या गाडीवर कधी बसणार नाही." शेषरावांनी हात ठेवला आणि म्हटलं. शपथ त्यांनी अक्षरशः पाळली. गाडीवर बसले नाहीत, गाड्या बांधल्या. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बांधल्या आणि त्यांतल्या सात जिंकल्या. हथखोजमध्ये त्यांना उस्ताद म्हणू लागले. मग पराग एकवीस वर्षांचा झाला आणि गाडीवर बसला. त्याला कोणी शपथ घातली नव्हती. शपथ त्याच्या डोक्यावर होती, त्याच्या तोंडून नव्हती.

हिराताई दोन महिने भांडल्या. "मी तुमाले थांबवलं तं तुमी पोराले बसवलं!" शेषराव म्हणायचे, "मी नाही बसवलं वो. तो बसला. अन् गाडी मी बांधली आहे, मंग भेव कायचं?"

एका वर्षी परागनं मलाही बोलावलं. मी धरमकाट्याच्या अलीकडे, लांब उभी होते. वळणावर सहा गाड्या एकदम आल्या, गुडघे जमिनीला टेकतील इतक्या वाकल्या, आणि त्यांतून पराग पुढे निघाला. मी नको म्हणत होते आणि टाचा उंचावून पाहत होते. शेजारी शेषराव डोळे मिटून उभे होते. ते ऐकत होते. त्यांचा इतका सुखी चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

दोन हजार पंधरा साली, सोळा सप्टेंबरच्या संध्याकाळी, शेषरावांनी परागच्या गाडीचं मागचं चाक काढलं. चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र बदललं, चाक परत बसवलं आणि चोवीस नंबरचा पाना नटाला लावला. एक ओढ दिली. अजून दोन ओढी द्यायच्या होत्या. तेवढ्यात हिराताई शेडमध्ये आल्या.

"अवो, आणा तो पाना. दिवा लागला. धुवाचे आहेत सगळे."

"दोन मिनिटं थांब वो."

"दरवर्सी तुमचे दोन मिनिटं. मी कपडा आंथरून ठेवला. देवाच्या कामात कायले टाइम लावता?"

त्यांनी नवऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला. शेषराव हसले. "घे बापा. तुझा देव लई घाईचा."

हिराताईंनी दरवर्षीप्रमाणे सगळे पाने रॉकेलनं धुतले, पुसले, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लाल कपड्यावर मांडले आणि हळदकुंकू वाहिलं. चहा झाला. पराग चहा पिता पिता म्हणाला, की यंदा तो धरमकाट्याला ब्रेक उशिरा दाबणार आहे. त्या बोलण्यात दोन ओढी राहून गेल्या.

सकाळी धावण्याआधी पराग एक फेरा मारून आला आणि म्हणाला, "बाबा, मागून जराशी डोलून राहिली."

शेषराव वाकले. नटावर पिवळी रेघ नव्हती.

त्यांनी हे मला पुढच्या वर्षी सांगितलं. शब्द त्यांचेच देते. "मॅडम, रेघ नव्हती. मले तवाच सगळं आठवलं. हिराचा हात बी आठवला."

शेजारच्या गाडीवर धम्मपाल होता, परागचा मित्र, हथखोजमध्येच वेल्डर. तो म्हणाला, "काका, माह्या डिकीत चोवीसचा पाना आहे. मी कसतो. मले तुमचा देव काही म्हणत नाही."

"तुले नाही म्हणत गा," शेषराव म्हणाले, "पान्याले म्हणते."

सगळे हसले. रेस भरवणारा चंदन, तिथल्या एका लेथच्या दुकानाचा मालक, तोही हसला. "अरे, उस्ताद का काम है. उसमें क्या कसना!"

आता पाना घ्यायचा म्हणजे वीस-पंचवीस माणसांपुढे मान्य करायचं, की उस्तादाचं काल काम राहून गेलं. शिवाय नियम होता आणि देव होता. तिन्ही गोष्टी एका बाजूला. शेषरावांनी नटाला अंगठा लावला. नट हलला नाही. एका ओढीचा नट अंगठ्यानं हलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ते म्हणाले, "टायरात हवा जास्त आहे." हवा सोडायला पाना लागत नाही. त्यांनी आगकाडीनं थोडी हवा सोडली. "जा आता. पाच तं चक्कर आहेत."

चौथ्या फेऱ्यात धरमकाट्याच्या वळणावर नट निघून पडला. चाक तिरपं झालं, चेन उतरून अडकली आणि चाक जागीच थांबलं. पराग उभ्या ट्रेलरवर गेला. गाडी उचलली तेव्हा मागच्या चाकाच्या आसाला नट नव्हता, हे दोघांनी पाहिलं, शेषरावांनी आणि धम्मपालनं.

दवाखान्यात हिराताई आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारत होत्या, "कसं झालं? कोणी सांगान का, कसं झालं?"  शेवटी शेषराव बोलले.

"कुत्रं आडवं आलं."

ठाण्यातही तेच लिहिलं गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचंच त्यात नुकसान नव्हतं.

तेराव्यानंतर एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं. भुऱ्या नेहमीसारखा पोळीसाठी दारात येऊन बसला होता. हिराताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दगड होता. त्यानंतर तुळशीजवळ दगडांचा एक ढीग कायमचा झाला. भुऱ्या लंगडा झाला आणि एक दिवस दिसेनासा झाला. मग दुसरी कुत्री. ज्या बाईनं बारा वर्षं पहिली पोळी कुत्र्याला घातली, तिच्या दारावरून कुत्री रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. शेषराव ओसरीत बसून हे पाहायचे. रस्त्यात पडलेले दगड ते गोळा करून नाल्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी हिराताई नवे आणायच्या.

मी एकदा न राहवून त्यांना म्हटलं, "त्या मुक्या जनावरांनी काय केलं?" तेव्हा शेषरावांनी मला सगळं सांगितलं. आमच्या ओसरीत, भर दुपारी, चहाचा कप हातात धरून. चहा प्याले नाहीत.

"हिराताईंना सांगून टाका," मी म्हटलं.

"कसं सांगू? नट म्हटला की तिले पाना आठवल. पाना तिनं नेला होता माह्या हातातून. मंग हिरा जगल का? कुत्र्यावर राग काढते तं काढू द्या. कुत्र्याचं काय जाते?"

हे खरं होतं, पण अर्धंच. पाना हिराताईंनी नेला, हे संध्याकाळचं झालं. सकाळचं तसंच राहतं. सकाळी पाना धम्मपालच्या डिकीत होता, आणि त्यावर शेषराव जे बोलले ते ऐकून सगळे हसले होते. कुत्र्यानं त्यांनी बायकोलाही वाचवलं आणि स्वतःलाही. हे मला कळत होतं. तरीही मी गप्प बसले. त्यांच्या घरात एक दिवा जेमतेम जळत होता, त्यावर मी फुंकर घालू धजले नाही.

दोन हजार सोळा साली परागच्या दुखवट्यात रेस झाली नाही. सतरा साली पुन्हा झाली. शेषराव गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. म्हणाले, बंद करा. चंदन पुढे आला. त्यानं त्यांचे पाय धरले आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, आप बोलो तो बंद. पर कुत्ता तो कहीं भी आ जाता है. घर के सामने भी आता है. इसमें रेस का क्या दोष?"

 शेषरावांजवळ जे उत्तर होतं ते हिराताईंच्या कानावर जाण्यासारखं नव्हतं. चंदननं त्याच वर्षापासून प्रत्येक वळणावर काठी घेऊन दोन-दोन माणसं उभी केली, कुत्री हाकलायला. आठ माणसं, आठ काठ्या. ती अजूनही उभी असतात. एका खोट्याचा इतका काळजीपूर्वक बंदोबस्त मी दुसरीकडे पाहिला नाही.

धम्मपाल त्या वर्षीही धावला. शेषराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तू तं पाहिलं होतं गा. तू कायले बसते गाडीवर?"

"काका, सहा दिवस मी वेल्डिंगच्या काचीमागं असतो. काळ्या काचीत एक ठिणगी दिसते, दुसरं काही नाही. हे दहा मिनिटं मले सगळं साफ दिसते. रस्ता, झाडाचं पान, समोरच्याचा खांदा. हे दहा मिनिटं सोडले तं मंग कायले जगाचं?" मग तो म्हणाला, "तुमी तरी कावून येता? बंद कराले येता, अन् कान तं इंजिनाकडं असते तुमचे."

शेषराव हे मला सांगताना चिडले होते. पण खोटं आहे असं म्हणाले नाहीत.

अठरा साली त्यांनी नवा चोवीसचा पाना विकत घेतला. घरी आणला नाही, चंदनच्या दुकानात ठेवला. सतरा सप्टेंबरला सगळी हत्यारं देवापुढे असताना हा एक पाना हातात घेऊन ते गाड्यांपुढे गेले. चंदन म्हणाला, "नियम टूट जाएगा काका." शेषराव म्हणाले, "टूटने दे." मुलाचा बाप, कोण अडवणार? त्यांनी एकेका गाडीचा मागचा नट कसला, तीन ओढी मोजून, आणि प्रत्येकावर पिवळी रेघ ओढली. परागचं काय झालं होतं, ते त्या दिवशी कोणी न सांगता सगळ्यांना कळलं. हिराताईंना वाटायचं, नवरा चंदनच्या दुकानातल्या पूजेला जातो.

त्यांच्या मनात होतं की निदान नटानं कोणी मरू नये. झालं वेगळंच. दोन वर्षांत त्या रेघेचा गंडादोरा झाला. "काका का पीला लगा है ना? फिर डर काहे का!" ज्या वळणावर पोरं आधी ब्रेक दाबायची, तिथं आता दाबेनात. धावणाऱ्या गाड्या अकराच्या एकोणीस झाल्या. राजनांदगावकडून लोक यायला लागले. एकवीस साली एका क्रेनवाल्याची मांडी धरमकाट्याला तीन ठिकाणी मोडली. शेषराव त्याला भेटायला गेले तर तो खाटेवरून हात जोडून म्हणाला, "काका, गिरा मैं, पर नट आपका टस से मस नहीं हुआ!"

शेषराव घरी येऊन आमच्या ओसरीत बसले. "मॅडम, रेस बंद कराले गेलो होतो. आता माह्याच सहीनं चालून राहिली."

"मग जाऊ नका."

"नाही गेलो अन् एखाद्याचा नट ढिला राहिला तं?"

आणि मग, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अन् खरं सांगू का? पंधरा-वीस इंजिन एकदम सुरू होते नं, तवा छातीत कोणी तरी पराग म्हणून हाक मारल्यावानी होते. ते एक दिवसच होते वर्षातून."

दोन हजार तेवीसच्या सतरा सप्टेंबरला ते साखरेच्या आजाराच्या गोळ्या घरी विसरून गेले. हिराताई डबा आणि गोळ्या घेऊन माझ्या दारात आल्या. "मॅडम, चंदनच्या दुकानापर्यंत सोडून देता का मले? उपाशीपोटी चक्कर येते यायले." मी नाही म्हणू शकले असते. स्कूटर बंद आहे म्हणू शकले असते. आठ वर्षं जे झाकलं ते आणखी एक दिवस झाकायची युक्ती माझ्याजवळ होती. मी किल्ली घेतली. कदाचित मलाही त्या खोट्याचा कंटाळा आला होता.

दुकान बंद होतं. गर्दी पुढे रस्त्यावर होती. हिराताई डबा धरून गर्दीत शिरल्या आणि थबकल्या. शेषराव एका गाडीमागे उकिडवे बसले होते. हातात पाना होता.

"आजच्या दिवशी पाना?" त्या माझ्याकडे वळल्या. "यायच्या हातात पाना कावून आहे?"

मी उत्तर देण्याआधी त्या गाडीवरचा मुलगा उतरला आणि त्यांच्या पाया पडला. शुभम त्याचं नाव, पहिल्यांदाच धावणार होता. त्याला वाटलं काकी घाबरल्या आहेत. "टेन्शन मत लो काकी. काका ने खुद कसा है. परागभैया का भी उस दिन कोई कस देता तो..."

शेषरावांनी मान वर केली. शुभम थांबला, पण उशीर झाला होता.

"काय कसून देते?" हिराताईंनी विचारलं.

"वही... पीछे का नट, काकी. सबको मालूम है ना?"

सगळ्यांना ठाऊक होतं. चंदनला, धम्मपालला, काठीवाल्यांना, मला. एकट्या हिराताईंना सोडून. हिराताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं आणि मग स्वतःचा उजवा हात वर करून त्याकडे पाहत राहिल्या. सोळा सप्टेंबरची ती संध्याकाळ त्यांच्या तोंडावर तुकड्यातुकड्यानं उतरताना मला दिसली. शेषराव उठले आणि त्यांच्याकडे दोन पावलं आले.

तेवढ्यात शुभम पळत जाऊन गाडीवर बसला, रेस सोडणारा लाल रुमाल खाली पडला आणि एकोणीस गाड्या सुटल्या.

आवाज असा आला की जमीन हलली. आणि शेषरावांची मान त्या आवाजाकडे वळली. एक क्षणच. पुन्हा बायकोकडे आली. पण हिराताईंनी ते पाहिलं होतं.

त्यांनी डबा रस्त्याच्या कडेला ठेवला, त्यावर गोळ्यांची पट्टी ठेवली आणि माझ्या स्कूटरवर येऊन बसल्या. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "मॅडम, तुमाले मालूम होतं?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून सीटची कडी धरली.

त्या संध्याकाळी हिराताई ताटलीत दूधभात घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. पलीकडे तीन-चार कुत्री होती. त्यांनी हाक मारली. कुत्री उठून आणखी लांब गेली. शेषराव मागून आले. मी माझ्या ओसरीत होते, मला सगळं ऐकू येत होतं आणि आत जाण्याइतकं शहाणपण मला त्या वेळी सुचलं नाही.

"येत नाहीत ते," हिराताई म्हणाल्या. "आठ वर्सं गोटे मारले मी. तुमी ओसरीत बसून पाहत होते."

"तुले पाना आठवला असता, हिरा."

"मले पाना आठवू नये म्हून मुक्या जिवाले मारू देल्लं?" त्यांचा आवाज चढला नाही. "पाना मी नेला. हाव, मीच नेला. रडली असती, डोकं आपटलं असतं, तुमच्यासंग रडली असती. दोघं मिळून रडलो असतो. तुमी मले कुत्रं देऊन देल्लं अन् रडणं एकट्यानं ठेवून घेतलं." मग ताटली फाटकाबाहेर ठेवत त्या म्हणाल्या, "अन् आज बी मान वळलीच तुमची."

 

मागच्या वर्षी ते रेसला गेले नसते. सोळा तारखेला त्यांनी मला तसं सांगितलं होतं. "झालं मॅडम आता. कोणी कसो न कसो." सतराच्या सकाळी ते आंघोळ करून ओसरीत बसले. घरात देवापुढे लाल कपड्यावर पाने मांडले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. हिराताई आत गेल्या आणि त्यांतला चोवीसचा घेऊन बाहेर आल्या. जुनाच, त्या संध्याकाळचा. कुंकू तसंच होतं. त्यांनी तो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"जा. कसून या सगळ्यांचे."

"नाही जात वो मी."

"मी नेला होता, मीच देऊन राहिली. जा न. बंद तं ते होत नाही अन् तुमच्यानं सुटत नाही. मंग घरी बसून कायले सोंग करता?"

त्यात क्षमा नव्हती. ती होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. मी ऐकलं आहे. शेषराव पाना पिशवीत घालून निघाले. समोर माझ्या फाटकापाशी सवयीनं वाकून त्यांनी स्कूटरच्या नटाला अंगठा लावला.

कारखाने बंद असले की हथखोजच्या गाड्यांचा आवाज आमच्या दारापर्यंत येतो. साडेनऊला तो आला, लांबून, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. हिराताई पायरीवर ताटली घेऊन बसल्या होत्या. मी समोर उभी होते. त्या फेरे मोजत होत्या, बोटांच्या पेरांवर. चौथ्याला त्यांचा अंगठा थांबला आणि पाचवा सुरू झाल्यावरच पुढे सरकला. मग आवाज विरला.

"यंदा कोणी पडलं नाही वाटते," त्या म्हणाल्या.

त्यांनी ताटली फाटकाबाहेर नेऊन ठेवली आणि परत येऊन दार लावायला लागल्या. पलीकडची कुत्री उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, "थांबा की जरा, आता येतील."

"नाही येत. मी आत गेल्यावरच येते ते," हिराताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.